मेपलच्या लाटा उठवायच्या तर आधी गडद रंग

गिटारच्या लाटदार मेपलवर, म्हणजे लाटांसारखे पट्टे असलेल्या मेपलच्या लाकडावर, हवा तो रंग थेट लावला, तर लाटा फिक्याच राहतात. आधी पातळ काळा किंवा तपकिरी डाय (लाकडात मुरणारा पारदर्शक रंग) लावा. लाटेत तंतू जिथे टोकाने वर येतात, तिथे लाकूड डाय जास्त पितं. वाळल्यावर २२० किंवा ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, म्हणजे सपाट भागावरचा काळेपणा निघून फक्त रेषांत उरतो. मग मुख्य रंग द्या. डायच वापरा, रंगकणांचा स्टेन लाटा झाकून टाकतो.

डाय लावण्याआधी जुनं फिनिश आणि गोंदाचे डाग पूर्ण काढा, नाहीतर तिथे पांढरे ठिपके राहतात. घासताना जपा: बऱ्याच गिटारींवर मेपलचा फक्त व्हिनियर, म्हणजे लाकडाचा चिकटवलेला पापुद्रा असतो, एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. पाण्यातला डाय असेल तर लाकूड आधीच ओलं करून, वाळवून, उठलेले तंतू घासून घ्या.

वाळलेला डाय मळकट दिसतो. घाबरून आणखी रंग चढवू नका, लॅकर (वरून देतात तो पारदर्शक थर) पडताच तो खुलतो. म्हणूनच तुकड्यावरचा नमुना लॅकरसकट करून पाहावा. नायट्रोसेल्युलोज लॅकर काळानुसार पिवळसर होतो, त्यामुळे निळा हिरवट दिसू लागतो. निळ्यासाठी मी पाण्यावर आधारित लॅकरच सुचवेन.

लॅकर ब्रशने नको, डाय ओढला जातो. पातळ थर फवारा, मास्क लावून, ज्योत आणि ठिणगीपासून दूर. पुरेसे थर चढेपर्यंत कडांवर पॉलिश पेपर अजिबात चालवू नका. तिथला रंग एकदा घासला गेला की डाग लपवणं फार कठीण.