गोल्फ कार्ट बाराव्या होललाच बसते? या चुका टाळा

दुपारी मैदानाच्या टोकाला कार्ट थांबली की शेडमध्ये एकच निदान होतं: ‘बॅटरी गेली.’ मग नवा सेट येतो आणि दीड-दोन वर्षांत तोही बसतो. बॅटरी बदलली, तरी शेडमधल्या सवयी त्याच राहतात ना!

सगळ्यात महाग चूक पाण्याची. ४८ व्होल्टच्या लेड-ॲसिड गाडीत बहुधा ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या असतात, प्रत्येकीत चार सेल (कप्पे), म्हणजे पाणी घालायची २४ झाकणं. चाळीस गाड्यांची ९६० झाली. कंटाळवाणं काम, त्यामुळे पोरं संध्याकाळी चार्जिंगला लावण्याआधीच सेल काठोकाठ भरून मोकळी होतात. चार्ज होताना आतलं द्रावण फुगतं, ॲसिड बाहेर सांडतं आणि बॅटरीखालचा ट्रे खातं. पाणी घालायचं ते पूर्ण चार्ज झाल्यावर, झाकणाच्या नळीच्या किंचित खालपर्यंत. प्लेट्स उघड्या दिसल्या तरच आधी त्या बुडतील एवढंच घाला. पाणी डिस्टिल्डच हवं. बोअरचं अजिबात नको, आणि ‘आरओचं चालतं’ म्हणणाऱ्याचंही ऐकू नका.

दुसरी चूक रांगेची. दाराजवळच्या गाड्या रोज पळतात, मागच्या फक्त शनिवार-रविवारी निघतात. पुढच्या झिजतात, मागच्या उभ्या-उभ्या डिस्चार्ज होऊन त्यांच्या प्लेट्सवर सल्फेट धरतं. गाड्यांना नंबर द्या आणि नंबरानेच बाहेर काढा.

एखादी गाडी पुण्यातल्या बावधनसारख्या चढाच्या मैदानावर दम टाकत असेल, तर पूर्ण चार्ज करून काही तास उभी ठेवा आणि प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. ८ व्होल्टची बॅटरी साधारण ८.४ ते ८.५ दाखवते. पाच तशा आणि एक आठच्या खाली, तर चोर सापडला. पण जुन्या सेटमध्ये एकच नवी बसवलीत, तर बाकीच्या पाच तिलाही ओढून खाली आणतात. मोजण्याआधी टायरमधली हवा आणि ब्रेक मात्र बघाच. फेरी मारून आल्यावर एकच ड्रम चटका देण्याइतका तापला असेल, तर ब्रेक घासतोय. बॅटरीला उगाच बोल!

पावसाळ्यात चिखल काढायला प्रेशर वॉशर सीटखाली मारू नका. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये पाणी शिरतं. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, झाकणं घट्ट लावून. रात्री पाऊस येतो म्हणून चार्जिंग चालू असताना शटर ओढून घेणं धोक्याचं, कारण बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो.

पेडल दाबल्यावर ‘टक’ आवाज येतो, पण गाडी हलत नाही? सोलेनॉइड (मोटरकडे वीज सोडणारा स्विच, ‘टक’ त्याचाच) बदलण्याआधी केबलचे लग, म्हणजे टोकाच्या धातूच्या कड्या, तपासा. सैल लग तापून काळा पडलेला दिसतो. ‘टक’ही नसेल तर चार्जरची पिन गाडीतच राहिली नाही ना, आणि टो-रन स्विच (गाडी ओढून नेण्यासाठी ‘टो’, चालवण्यासाठी ‘रन’) ‘टो’वर नाही ना, एवढं बघून मगच मेकॅनिकला फोन करा.