एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड करून घेताना या चुका टाळा

पोट दुखतंय म्हणून सोनोग्राफी झाली, रिपोर्ट नॉर्मल. दुखणं थांबेना म्हणून दुर्बिणीने तपासलं, तेही नॉर्मल. मग डॉक्टर एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड, म्हणजे ईयूएस, करायला सांगतात आणि घरचे वैतागतात: पुन्हा दुर्बीण, पुन्हा सोनोग्राफी, तेच तेच कशाला?

पण हे तेच नाही. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ध्वनिलहरींना कातडी, चरबी आणि आतड्यातला वायू पार करावा लागतो. वायूपुढे त्या हात टेकतात, आणि स्वादुपिंड नेमकं जठराच्या मागे दडलेलं असतं. साध्या दुर्बिणीला तर फक्त आतलं अस्तर दिसतं. ईयूएसमध्ये दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा छोटा प्रोब बसवलेला असतो. तो जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचला, की स्वादुपिंड आणि पित्तनलिका एका भिंतीपलीकडे येतात. अंतर कमी, म्हणून जास्त कंपनसंख्येच्या लहरी वापरता येतात आणि काही मिलिमीटरच्या गोष्टीही दिसतात. म्हणूनच आधीचे रिपोर्ट नॉर्मल आहेत एवढ्यावरून ही तपासणी टाळणं, ही पहिली चूक. पित्तनलिकेतले ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे सोनोग्राफीत बऱ्याचदा हुकतात. सीटी स्कॅनमध्येही हुकतात, कारण बरेचसे खडे तिथे पित्तासारखेच दिसतात. एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिका आणि स्वादुपिंडाच्या नलिकेचा एमआरआय, चांगली तपासणी आहे, पण अगदी बारीक खड्यांच्या बाबतीत ईयूएस तिच्याही पुढे जाते.

उलट्या बाजूची चूकही तितकीच सर्रास होते. ॲसिडिटी, गॅस, जेवल्यावर जडपणा, एवढ्यावर "डॉक्टर, एकदा ते ईयूएस करूनच टाकू" असा आग्रह धरला जातो. ईयूएस ही सगळं पोट चाळून काढणारी तपासणी नव्हे. स्वादुपिंडात गाठ आहे का, पित्तनलिका कशाने फुगली, वारंवार होणाऱ्या स्वादुपिंडदाहाचं कारण काय, अन्ननलिकेचा किंवा गुदाशयाचा कर्करोग भिंतीच्या कितव्या थरापर्यंत गेलाय, अशा नेमक्या प्रश्नांना ती नेमकं उत्तर देते. त्यामुळे डॉक्टरांना एकच विचारा: यातून काय शोधायचंय, आणि ते सापडलं किंवा नाही सापडलं तर पुढचे उपचार बदलणार आहेत का? उत्तर गोलमोल आलं तर दुसरं मत घ्यायला हरकत नाही.

ईयूएस आणि ईआरसीपी यांची गल्लतही नेहमीची. पित्तनलिकेसाठी दोन्हीत दुर्बीण तोंडातूनच जाते, पण ईआरसीपीत पित्तनलिकेच्या आत शिरून काम केलं जातं आणि त्यानंतर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका बराच जास्त असतो. खडा आहे की नाही याचीच खात्री नसेल, तर आधी ईयूएस किंवा एमआरसीपी करावी. खडा नसलाच, तर ईआरसीपी टळते. निव्वळ "बघायला" म्हणून ईआरसीपी करण्याचे दिवस गेले.

वेळ चुकली की तपासणी फुकट

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक ही, आणि तिच्याबद्दल रुग्णाला सहसा कोणी सांगत नाही. काविळीच्या रुग्णाच्या पित्तनलिकेत घाईने स्टेंट, म्हणजे पित्त वाहतं ठेवणारी छोटी नळी, टाकला जातो, आणि गाठीची तपासणी मागाहून ठरते. स्टेंटची सावली पडते, भोवती सूज येते, आणि गाठ कुठवर पसरली आहे ते नीट कळत नाही. गाठीचा संशय असेल तर शक्यतो ईयूएस आधी, स्टेंट नंतर. काविळीबरोबर थंडी वाजून ताप येत असेल तर मात्र थांबायचं नाही. तिथे तुंबलेलं पित्त मोकळं करणं हेच पहिलं काम.

तीव्र स्वादुपिंडदाहाचंही तसंच. सुजलेल्या ग्रंथीत लहान गाठ लपून जाते. कारणाचा शोध घ्यायचा असेल तर बहुधा ४ ते ६ आठवडे, सूज उतरेपर्यंत, थांबतात. नलिकेत खडा अडकल्याचा संशय असेल तर गोष्ट वेगळी, तिथे लवकर बघतात.

तयारीत काय चुकतं

घन अन्न साधारण ६ ते ८ तास आधी बंद, आणि पाण्याबद्दल तुमच्या केंद्राची सूचना पाळायची. "चहाच तर घेतला" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत. जठरात काही उरलं तर चित्र बिघडतं आणि भुलेखाली ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मधुमेह किंवा वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या सेमाग्लुटाईडसारख्या इंजेक्शनांनी जठर हळू रिकामं होतं, तेही आधीच सांगून ठेवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन नेहमीसारखं घेऊन उपाशी राहिलात, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका आणि आपल्या मनाने चालूही ठेवू नका. नुसतं बघायचं असेल तर त्या बऱ्याचदा थांबवाव्या लागत नाहीत. ईयूएसमधूनच सुईने गाठीचा नमुना घ्यायचा असेल तर काही गोळ्या थांबवतात. क्लोपिडोग्रेल असेल तर साधारण ५ ते ७ दिवस. पण हृदयात स्टेंट असलेल्याने परस्पर गोळी सोडणं जिवावर बेतू शकतं. हा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायचा.

जठराचं जुनं ऑपरेशन सांगायचं राहून जातं. लठ्ठपणावरची बायपास शस्त्रक्रिया झाली असेल तर दुर्बीण स्वादुपिंडाच्या डोक्यापाशी नेहमीच्या वाटेने पोचतच नाही, आणि हे टेबलावर कळण्यात कुणाचंच भलं नाही. दारू आणि धूम्रपानाबद्दल लपवणं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. त्या माहितीवरच अर्धा रिपोर्ट वाचला जातो.

कसा, ते पाहा. जुनाट स्वादुपिंडदाह ठरवताना ईयूएसमध्ये चमकणारे ठिपके, रेषा, नलिकेचा वेडावाकडेपणा, खडे अशा एकूण ९ खुणा पाहण्याची पद्धत आहे. त्यातल्या एक-दोन खुणा वाढत्या वयातही दिसतात. दारू, धूम्रपान आणि स्थूलपणामुळेही दिसतात. तेवढ्यावर जन्मभराचा आजार चिकटवून घेऊ नका.

"बायोप्सी निगेटिव्ह" म्हणजे सुटलो?

नाही. सुईच्या नमुन्यात कर्करोगाच्या पेशी दिसल्या तर ते जवळपास खात्रीचं उत्तर असतं, पण दिसल्या नाहीत म्हणजे कर्करोग नाही असं ठरत नाही. स्वादुपिंडाच्या गाठीभोवती तंतुमय भाग खूप असतो. सुई तिथेच गेली तर पेशी हाती लागत नाहीत. चित्र आणि रिपोर्ट जुळत नसतील तर नमुना पुन्हा घेणं हेच शहाणपणाचं. रिपोर्टमध्ये "नमुना अपुरा" लिहिलंय की "कर्करोगाच्या पेशी नाहीत", हे नीट वाचा. या दोन वाक्यांत फार मोठं अंतर आहे.

जठरात अस्तराखाली फुगवटा दिसला आणि साध्या दुर्बिणीतून बायोप्सी नॉर्मल आली, तेव्हाही असंच फसायला होतं. साधा चिमटा बहुतेक वेळा फक्त अस्तर खरवडतो. गाठ त्याच्या खाली असते. ईयूएसमध्ये भिंतीचे ५ थर वेगवेगळे दिसतात. तिसऱ्या थरातली पांढरी चमकदार गाठ बहुधा चरबीची निरुपद्रवी गाठ असते, तिला सुईही लागत नाही. चौथ्या, स्नायूच्या थरातून निघालेली काळसर गाठ मात्र जीआयएसटी, म्हणजे पुढे कर्करोगासारखी वागू शकणारी गाठ, असू शकते आणि तिचा पाठपुरावा करावा लागतो.

तपासणीनंतर घसा दुखणं, थोडं पोट फुगणं चालतं. वाढत जाणारी पोटदुखी, ताप, रक्ताची उलटी, काळी शौच किंवा छातीत दुखणं सुरू झालं तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. त्या दिवशी गाडी चालवू नका.

आणि एकटे जाऊ नका. भुलेच्या औषधाने माणूस डोळे उघडून बोलतो, डॉक्टर काय सापडलं ते सांगतात, तो मान डोलावतो आणि घरी येईपर्यंत सगळं विसरतो. ऐकायला दुसरं कुणी तरी हवं, आणि नमुना घेतला असेल तर त्याचा रिपोर्ट कधी आणि कुणाकडून घ्यायचा हे निघण्याआधीच कागदावर लिहून घ्यायला हवं.