यीस्टचा स्टार्टर: या चुका टाळा

घरी बिअर करणाऱ्यांचा स्टार्टर (मुख्य बिअरमध्ये घालण्याआधी यीस्ट वाढवण्याचे मॉल्टचे छोटे द्रावण) बिघडतो तो बहुधा एकाच गैरसमजामुळे, आणि तो म्हणजे स्टार्टरकडे छोट्या फ्लास्कमधली बिअर म्हणून पाहणे. प्रत्यक्षात येथे चव साधायची नसते, तर यीस्टच्या पेशी वाढवायच्या असतात. म्हणूनच ‘यीस्टला भरपूर खाऊ’ म्हणून द्रावण घट्ट करणे ही पहिली चूक ठरते, कारण जास्त साखरेच्या ताणाखाली वाढलेल्या पेशी पुढे खऱ्या कामाला थकलेल्या पोहोचतात. एक लिटर पाण्याला सुमारे १०० ग्रॅम सुके मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या सातूच्या अर्काची पूड) पुरेसे असून द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०३६ ते १.०४० च्या आसपास येते. मॉल्ट संपले म्हणून साधी साखर वापरू नये. फेस तिनेही येतो, पण पेशींना लागणारे नायट्रोजनयुक्त पोषण तिच्यात नसते.

द्रावण दहा-पंधरा मिनिटे उकळून २० ते २४ अंश सेल्सिअसपर्यंत निवल्यावरच यीस्ट घालावे. फ्लास्कला एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत येऊ न देणारी झडप) लावण्याचा मोह मात्र आवरावा, कारण वाढीच्या काळात यीस्टला प्राणवायू हवा असतो. तोंडावर निर्जंतुक केलेली अॅल्युमिनियम फॉइल सैल बसवून फ्लास्क अधूनमधून हलवला तरी काम भागते.

साठवणुकीतली माझी चूक थोडी गोंगाटाची होती. स्टार्टर पूर्ण आंबण्याआधीच मी तो बरणीत भरून झाकण घट्ट आवळले आणि तिसऱ्या दिवशी फ्रिज उघडला, तेव्हा झाकण फुगून वर आले होते आणि कडेने पाझरलेला फेस शेजारच्या कोथिंबिरीवर सुकला होता. काचेची बरणी फुटली नाही, हे नशीबच. आंबण्याची क्रिया थांबल्याची खात्री करावी, झाकण सैल ठेवावे आणि बरणी २ ते ४ अंशांवर ठेवावी. तळाशी बसलेल्या यीस्टच्या वरची बिअर लगेच ओतून टाकून यीस्ट पाण्याने धूत बसण्याची गरज नाही. तिच्यातील आम्लता आणि अल्कोहोल यांमुळे परक्या जंतूंना अटकाव होतो.

फ्रिजमध्येही पेशी मरतच असतात, त्यामुळे बरणीवर तारीख लिहावी आणि महिन्याभराहून जुन्या यीस्टचा नवा स्टार्टर करूनच ते वापरावे. यीस्टचा ताजा थर दुधाळ पांढरट दिसतो व त्याला पावासारखा वास येतो. तो शेंगदाण्याच्या कुटासारखा तपकिरी झाला असेल किंवा त्याला रबरासारखा, कुजका वास येत असेल, तर चाखून न पाहता तो मोरीत ओतावा.