ऊसतोड बाईची पाहणी करताना एक खाडा धरून बोला

बीडमधून ऊसतोड बायांच्या पाहणीला निघालेली नवी पोरंपोरी भेटली की मी आधी त्यांचा फॉर्म बघते. जात एका रकान्यात, उचल (म्हणजे हंगामाआधी मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे) दुसऱ्या, आजार तिसऱ्या. असा फॉर्म भरला की एकाच बाईचे तीन तुकडे कागदावर येतात आणि ते एकमेकांना कसे जखडलेत ते कुणालाच दिसत नाही. म्हणून रकाने नंतर भरा. आधी तिला या हंगामातल्या एका खाड्याबद्दल विचारा, म्हणजे ज्या दिवशी ती तोडीला गेली नाही त्या दिवसाबद्दल.

समजा ती म्हणाली, "अंगावरून लई जात होतं, उठवंना." इथे आजाराच्या रकान्यात खूण करून पुढे पळू नका. त्या खाड्याचे पैसे कुणाच्या हिशेबातून कापले ते विचारा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. उचल मात्र नवऱ्याच्या नावावर असते. ती घरी बसली तर जोडीची मजुरी बुडते, म्हणून मुकादमाच्या आधी घरचेच तिला उठवतात. मग विचारा, उचल घ्यावीच का लागली? गावाकडे जमीन किती, पाणी कुणाच्या विहिरीचं? टोळ्यांत वंजारी, बंजारा, मातंग, बौद्ध, मराठा सगळे भेटतील. गरिबी सगळ्यांकडे आहे. पण कोरडवाहू का होईना, दोन एकर असलेलं घर एखाद्या वर्षी मुकादमाला नाही म्हणू शकतं; पिढ्यान् पिढ्या बिनजमिनीच्या घराला ती सोय नाही, आणि जमीन कुणाकडे आली नाही हे जातीनंच ठरवलेलं आहे.

त्याच खाड्यावरून दवाखान्यात जा. पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढायला कुणी सांगितलं, तेव्हा वय काय होतं, पैसे कुणी दिले? मुकादमाने दिले असतील तर ते पुढच्या उचलीत चढले असणार. म्हणजे ज्या कामाने दुखणं वाढलं, त्याच कामाला ती ऑपरेशन फेडायला परत जाते. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या 2019 च्या अहवालात बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी आहे. त्यांतल्या 13 हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. नुसता हा आकडा वाचून लोक बायांना अडाणी ठरवतात, याचा मला संताप येतो. खाड्यापासून उचलीपर्यंत सगळं लिहा, म्हणजे तिच्यापुढे दुसरी वाट किती होती ते वाचणाऱ्याला कळेल.

जात चारचौघांत विचारू नका. पाणी कुठून आणता, तिथे कुणी हटकतं का, तुमच्या कोप्या (झोपड्या) बाकीच्यांपासून लांब का, असं विचारलं की ती स्वतःहून बोलते. मुक्ता साळवे या मातंग मुलीने फुल्यांच्या शाळेत शिकत असताना 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये लिहिलं होतं, की आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसतं. जात, दारिद्र्य आणि बाईचं शरीर तिने वेगळं काढलंच नाही. आजही कोपीत बाळंत होणाऱ्या बाया आहेत. पाहणीत बाळंतपण कुठे झालं हा प्रश्न हवाच.

जायची वेळ संध्याकाळची ठेवा. पहाटे अंधारातच टोळी उसाच्या फडात जाते. संध्याकाळी ती भाकरी थापत असेल तर शेजारी बसा आणि तिचं काम चालू राहू द्या. सोबत बाई कार्यकर्ती असलीच पाहिजे. मुकादम येऊन उभा राहिला तर विषय बदला, वाढ्याचा (उसाच्या शेंड्याच्या चाऱ्याचा) भाव काय चाललाय ते विचारा आणि बाकीचं दुसऱ्या दिवशी बोला.

एकट्या बाईला मुद्दाम शोधा. विधवा, टाकलेली, जोडीदार नसलेली बाई पुरा कोयता होत नाही. तिला भावाबरोबर किंवा पोराबरोबर जोडी लावावी लागते. पुरी उचल मिळावी म्हणून पोरांची लग्नं लवकर उरकतात, तेही याच हिशेबातून. टोळीच्या यादीत एकटी बाई बहुतेक वेळा सापडत नाही, कोप्यांतल्या बायांनाच विचारा.

उठण्याआधी लिहिलेलं तिला वाचून दाखवा. जे खोडायला सांगेल ते तिच्यासमोरच खोडा, मुकादमाचं नाव असेल तर तेही. आणि ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र तिच्या स्वतःच्या नावाने आहे का ते विचारा. नसेल तर हंगाम संपून गावी आल्यावर तिच्याबरोबर ग्रामसेवकाकडे जा आणि अर्ज तिच्याच नावाने भरा.