हत्तीरोगासाठी रात्रीचा रक्तनमुना कसा घ्यावा

चंद्रपूर जिल्ह्यात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. नव्या मुलांना पहिलं सांगते: दिवसा घेतलेला नमुना बहुतेक वेळा वाया जातो. हत्तीरोगाचे सूक्ष्मजंतू, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि रात्री 10 ते 2 च्या सुमारास वरच्या रक्तात येतात. क्युलेक्स डासाची चावायची वेळही तीच.

संध्याकाळीच घरोघरी सांगून या. झोपेतून उठवलेला माणूस चिडतोच. आधी ओळख झाली असेल तर बोट पुढे करतो. आणि पाय सुजलेल्यांपुरतंच थांबू नका. रक्तात जंतू सापडतात ते बहुधा धडधाकट दिसणाऱ्यांच्या, हे मला शिकायला फार वेळ लागला.

डाव्या हाताची अनामिका स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या. प्रत्येकाला नवीन लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायची सुई. पहिला थेंब पुसून टाका, मग 20 मायक्रोलिटर रक्त काचपट्टीवर जाडसर पसरा. क्रमांक तिथंच, लगेच लिहा.

पट्टी आडवी ठेवून वाळवा. शेकोटीजवळ मुळीच नको. मुंग्या नमुना खाऊन टाकतात, म्हणून डबा झाकलेला हवा.

दुसऱ्या दिवशी पट्टी साध्या पाण्यात ठेवा, लाली उतरू द्या. वाळवून मिथेनॉल, मग जिम्सा हा रंग. सूक्ष्मदर्शकाखाली शेपटीचं टोक बघा: वुचेरेरिया, म्हणजे हत्तीरोगाचा मुख्य जंतू, असेल तर टोकाला केंद्रकं नसतात, आणि अंगावर आवरण असतं.

जंतू सापडला तर निरोप धाडू नका. स्वतः घरी जा, गोळ्या समोर गिळवा.