धंद्याचा प्लॅन: या चुका टाळा, निम्म्या मी स्वतः केल्यात

सांगलीत विश्रामबागला माझं अकाउंट-टॅक्सचं छोटं ऑफिस आहे, आणि आठवड्यातनं एक तरी पोरगं खुर्चीत नीट बसायच्या आधीच विचारतंय, "सर, प्रोजेक्ट रिपोर्ट पायजे, किती घेणार?" मी विचारतो धंदा कसला, तर म्हणतंय "ते बघू हो, आधी लोन किती बसतंय ते सांगा." आता यावर काय बोलायचं. चपलेचा नंबर माहीत नाही आणि मोची शोधतोय. गेली बरीच वर्षं त्याच त्याच चुका बघून कंटाळलोय, म्हणून एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्याला नुसती लिंक पाठवली की झालं.

रिपोर्ट बँकेसाठी करायचा आणि स्वतः वाचायचाच नाही

ही सगळ्यात मोठी. मागच्या वर्षी तासगावकडचा एक मुलगा आला, घरची दोन एकर द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड आणि ग्रेडिंगचं मशीन टाकायचं होतं. हातात बावीस पानी रिपोर्ट, स्पायरल बाइंडिंग, वर रंगीत फोटो. कुणाकडनं तरी व्हॉट्सॲपवर आलेला, नाव आणि गाव बदललेलं, बाकी जसाच्या तसा. बँकेत देऊन आला होता, आणि मॅनेजर "बघतो" म्हणाले होते. "बघतो" म्हणजे काय ते सांगलीत कुणाला सांगायची गरज नाही.

मी पान उलटलं तर लिहिलंय, वर्षाला कामाचे दिवस ३००, पहिल्या वर्षी ६० टक्के क्षमता, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८०. हे ६०-७०-८० मी आजवर इतक्या रिपोर्टात बघितलंय की झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगेन, दूध असो, पेव्हर ब्लॉक असो, ब्युटी पार्लर असो, सगळीकडं तेच. त्याला विचारलं, "बाळा, जुलैमधे द्राक्षं कुठनं आणणार?" तो गप्प. आपल्याकडं बेदाण्याचा खरा सीझन फेब्रुवारी ते एप्रिल, बाकी वर्ष शेड रिकामं, आणि कागदावर मात्र पावसाळ्यातबी वाळवण चालू!

पुढचं पान त्याहून भारी. १०० टन द्राक्षातनं ४० टन बेदाणा. आता याच्या घरात आजोबांपासून बेदाणा करतात, चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा हे याला शाळेत जायच्या आधीपासनं माहीत, म्हणजे २५ टनाच्या आसपास व्हायला पाहिजे. वरचे १५ टन कुठनं आले? अख्खा नफा त्या १५ टनात होता. ते काढले की खाली फक्त हप्ता उरत होता. आणि ही चूक पकडायला सीए लागत नव्हता, त्याची आजीसुद्धा सांगितली असती, फक्त कुणीतरी वाचायला पाहिजे होतं.

त्याला मी कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. एक फुलस्केप घेतला, आडवा धरला, जानेवारी ते डिसेंबर बारा उभे रकाने पाडले, आणि म्हटलं प्रत्येक महिन्यात खिशातनं किती जाणार आणि खिशात किती येणार एवढंच पेनानं लिही. नफा नको, फक्त येणं-जाणं. तेव्हा त्याला दिसलं की बाहेरची द्राक्षं घेतली तर शेतकऱ्याला पैसे मार्चमधेच द्यायला लागणार, बेदाणा मात्र कोल्ड स्टोरेजला जाणार, तिथं भाडं चालू होणार, आणि दर बघून तो सौद्याला निघणार तेव्हा कधी पाऊस तर कधी दिवाळी आलेली असणार. आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला सारखा! मग तो बँकेत परत गेला आणि मॅनेजरांना स्वतःच्या तोंडानं म्हणाला की हप्ता सीझनप्रमाणं बांधून द्या, सुरवातीचे काही महिने नुसतं व्याज घ्या. मॅनेजर पहिल्यांदा सरळ बसून बोलले म्हणे. मशीन त्यानं यादीतनं स्वतःच काढलं, आधी फक्त शेड.

आता तर काय, मोबाईलवर दोन मिनिटात रिपोर्ट तयार होतोय. करा की, टायपिंगचा त्रास वाचतो. पण तो आडवा कागद आधी हातानं भरा. ज्याला तो भरायचा कंटाळा येतो त्याला धंद्यात रोज संध्याकाळी गल्ला मोजायचाबी कंटाळा येणार, हे मी लिहून देतो.

खेळतं भांडवल "बघू नंतर" वर सोडणे

खेळतं भांडवल म्हणजे माल घेतल्यापासनं विक्रीचे पैसे हातात येईपर्यंत धंदा चालवायला लागणारा पैसा. ही चूक म्हणजे माझी स्वतःची जखम आहे, त्यामुळं जरा लांबणार.

२०१२ ला मी आणि मेहुण्यानं भडंगाचा धंदा काढला. सांगलीत भडंग म्हणजे काय ते वेगळं सांगत नाही. मेहुण्याच्या हाताला चव होती, लसूण किती लाल करायचा हे त्याला घड्याळ न बघता कळायचं, कडीपत्ता तडतडायचा थांबला की मगच चुरमुरे आत. मी आकडेवाला. पाकीट २०० ग्रॅमचं, डीलरला २० रुपयाला, चुरमुरे-शेंगदाणे-तेल-मसाला-पॅकिंग धरून आम्हाला पडायचं १४ ला, म्हणजे पाकिटामागं ६ रुपये. महिन्याचा ठरलेला खर्च असा: भाडं ५ हजार, दोन बायका कामाला त्यांचे ८ हजार, लाईट २, गाडी-डिझेल ४, मशीनचा हप्ता ५. झाले २४ हजार. भागिले ६, म्हणजे ४ हजार पाकिटं गेली की ना नफा ना तोटा. पहिल्याच महिन्यात ५ हजार गेली! कागदावर ६ हजार रुपये फायदा. मी बायकोला सांगितलं पण, बघ म्हटलं.

आणि ऑगस्टपर्यंत आमच्याकडं चुरमुऱ्याचं पोतं घ्यायला पैसे नव्हते.

झालं काय, की चुरमुरेवाला रोख, तेलवाला रोख, बायकांचा पगार एक तारखेला, आणि डीलर देणार दोन महिन्यांनी. महिन्याला ७० हजाराचा कच्चा माल अधिक २४ हजार खर्च, म्हणजे ९४ हजार बाहेर. दोन महिन्याचे १ लाख ८८ हजार गेल्यावर मग पहिला रुपया दारात येणार. आम्ही बाजूला ठेवले होते ५० हजार. उरलेले १ लाख ३८ हजार कुठनं आले? बायकोच्या पाटल्या. म्हणजे मेहुण्याच्याच बहिणीच्या. तो विषय घरात अजून कुणी काढत नाही.

यातली लाज वाटण्यासारखी गोष्ट ही की मी तेव्हासुद्धा लोकांचे रिपोर्ट करून देत होतो. बँकेचं साधं सूत्र मला पाठ होतं, वर्षाच्या अंदाजी विक्रीच्या २५ टक्के खेळतं भांडवल धरायचं, त्यातलं २० टक्के बँक देणार, ५ टक्के आपलं. रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीचं हे गणित नव्वदीच्या दशकापासनं चालत आलंय. आमची विक्री वर्षाला १२ लाख धरली तर ३ लाख लागणार, २ लाख ४० हजाराची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं आणि भरायचं बँकेचं कर्ज) मिळाली असती आणि आम्ही ६० हजार घालायचे. पण मेहुणा म्हणाला, "दाजी, सीसी कशाला, उगं व्याज भरायचं, घरातनंच फिरवू की." आणि मीबी मान हलवली. व्याज वाचवायच्या नादात पाटल्या गेल्या.

खरी गंमत पुढं. दिवाळीच्या आधी डीलरनं ९ हजार पाकिटाची ऑर्डर दिली. आम्ही उड्या मारल्या. ९ हजार पाकिटं म्हणजे १ लाख २६ हजाराचा माल, अधिक तेच २४, एका महिन्यात दीड लाख बाहेर. विक्री वाढली की पैसा वाढतो असं सगळ्यांना वाटतं, उधारीच्या धंद्यात उलटं असतंय, विक्री वाढली की आधी खड्डा वाढतो. तो खड्डा भरायला मी इकडनं तिकडनं उसने घेतले, आणि पॅकिंगची पिशवी जरा स्वस्तातली घेतली, कारण ती उधार मिळत होती. सील नीट बसंना. जानेवारीत हिशोब झाला तर ११०० पाकिटं परत, सादळलेली. त्याचे २२ हजार कापून हातात आले १ लाख ५८ हजार. दीड लाख घालून तीन महिन्यांनी ८ हजार, आणि सोनेतारणाचं व्याज त्याच्याहून जास्त. मार्चला शटर खाली ओढलं.

तेव्हापासनं माझी सवय अशी: शंभर पानी वही, तीन रकाने. माल गेल्याची तारीख, पैसे आल्याची तारीख, मधले दिवस. दर महिन्याच्या ५ तारखेला मधल्या दिवसांची सरासरी काढायची. ती वाढायला लागली की नवीन ऑर्डर घ्यायची नाही, मग समोरचा कितीबी गोड बोलू दे. एक्सेल येतंय मला, पण वहीत लाल पेनानं ७२ दिवस लिहिलेलं दिसलं की जसं पोटात कळतं तसं स्क्रीनवर कळत नाही.

आता कुणीतरी म्हणणार, कायदा आहे की. आहे, २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांचा कायदा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसात, आणि लेखी ठरलं असलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसात पैसे मिळायला पाहिजेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. नोंदणी फुकट आहे, ती कराच, एजंटाला हजार रुपये देऊ नका. पण आपला निम्मा माल घेणाऱ्या डीलरवर केस कोण टाकतंय? त्यापेक्षा बिलावर दिवस छापून घ्या आणि पहिल्या बिलापासनं मागायला लाजू नका.

सबसिडी धरून धंदा उभा करणे

पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मितीच्या योजनेत, सबसिडी ग्रामीण भागात जनरलला प्रोजेक्टच्या २५ टक्के, महिला आणि बाकी विशेष गटाला ३५, शहरात १५ आणि २५. उत्पादनाला प्रोजेक्ट ५० लाखापर्यंत, सेवेला २० लाखापर्यंत, ही मर्यादा २०२२ ला वाढवली. लोकांना एवढंच पाठ असतंय. पण ते पैसे तुमच्या हातात येत नाहीत, बँकेत तीन वर्षं अडकून राहतात, युनिट चालू असलं तर मग कर्जात वळते होतात. आणि मशीन आणून धंदा चालू केल्यावर मग अर्ज करायला येतात, तो नवीन युनिट म्हणून बसतच नाही. माझा नियम एकच, सबसिडी शून्य धरून गणित बसतंय का बघा. नसेल बसत तर तो धंदा नाही, ती सरकारी योजना आहे.

"सगळ्यांना आवडलं" याला मार्केट सर्व्हे म्हणणे

फुकट चव दाखवल्यावर पाहुणे काय वाईट म्हणणारेत का? दहा दुकानात वीस-वीस पाकिटं रोखीनं विका, पंधरा दिवसांनी परत जा, आणि न विचारता "अजून ठेवा" किती जण म्हणतात ते मोजा. आम्ही हे केलं होतं, दहातले सात. चवीनं आम्हाला कधीच बुडवलं नाही.

नदी विसरणे

हे फक्त आपल्याकडच्यांसाठी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटाला आलं की इशारा, ४५ ला धोका, आणि ऑगस्ट २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं. तरी अजून लोक भाडं कमी म्हणून नदीकाठच्या गावभागात तळघरात गोडाऊन घेतात. घ्या, पण प्लॅनमधे लिहा की पाणी ३५ ला आलं की माल कुठं आणि कुणाच्या टेम्पोतनं हलणार. आणि विम्यावर गोडाऊनचा पत्ता तपासा. ओळखीच्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याचा विमा होता दुकानाच्या पत्त्यावर, माल भिजला दुसऱ्या गल्लीत. क्लेम नामंजूर.

बाकीच्या किरकोळ, पण रोजच्या:

स्वतःचा पगार खर्चात न धरणे. घरची माणसं फुकट राबतात म्हणून जो नफा दिसतो तो नफा नसतो, ती त्यांची मजुरी असते.

मशीन आधी आणणे आणि थ्री फेज विजेचा लोड नंतर मागणे. कुपवाडला एकाचं मशीन तीन महिने ताडपत्रीखाली झाकलेलं, हप्ता मात्र चालू.

पार्टनरशिप तोंडी ठेवणे. भाऊ असला तरी, मेहुणा असला तरी, मित्र असेल तर जास्तच. कोण काय बघणार, कोण किती घालणार आणि बंद करायची वेळ आली तर काय, हे एक पानभर लिहून सही. आमचं तोंडी होतं, तरी मेहुणा निम्मे उसने फेडायला स्वतःहून पुढं आला, ते त्याचं मोठेपण, माझी हुशारी नव्हे.

आणि प्लॅन एकदा करून कपाटात ठेवणे. ठरवलेलं आणि झालेलं शेजारी शेजारी लिहा, तीन महिने दोन्हीत निम्म्याचा फरक दिसला तर प्लॅन बदला, त्यात कमीपणा नाही. तासगावच्या त्या मुलाचा आडवा कागद आता चौथ्यांदा खोडलाय. मागच्या महिन्यात आला तेव्हा त्याला कडेनं सेलोटेप लावलेली होती आणि मार्चच्या रकान्यावर चहाचा डाग. स्पायरल बाइंडिंगवाला कुठाय विचारलं तर म्हणाला, "सर, तो बँकेतच राहिला, परत मागितलाच नाही."