रोजची प्रार्थना बंद पडलीय? मग या चुका टाळा

जय ख्रिस्त! मागच्या महिन्यात महिला मंडळाची मीटिंग संपली, सगळ्या बाहेर पडल्या आणि एक ताई मागे राहिली, चपला घालता घालता हळूच म्हणाली, "माझी प्रार्थनाच बंद पडलीय गं, चार महिने झाले. चर्चला येते, गीतं म्हणते, पण घरी एकटी बसले की तोंडातून शब्द फुटत नाही." आणि डोळे भरून आले तिचे. तिला वाटत होतं विश्वासच गेलाय आपला. मी म्हटलं, विश्वास गेला असता तर तुला रडू कशाला आलं असतं? मग आम्ही तिथेच पायरीवर बसून तासभर बोललो, आणि ती जे जे सांगत होती त्यातलं निम्मं माझ्याही बाबतीत होऊन गेलेलं आहे, म्हणून इथे लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे राहिलेल्या दिवसांचा हिशोब ठेवणं. दोन दिवस प्रार्थना चुकली की तिसऱ्या दिवशी वाटतं आज नुसतं पाच मिनिटं बसून कसं चालेल, आज चांगली अर्धा तास करायला पाहिजे, मग अर्धा तास मिळत नाही म्हणून तो दिवसही जातो, आणि असं करत करत आठवडा झाला की देवासमोर जायचीच लाज वाटायला लागते. आपण एखाद्या मावशीचा फोन उचलत नाही आणि मग उशीर झाला म्हणून परत करत पण नाही ना, अगदी तसं. बापाचा पैसा उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या मुलाची गोष्ट परत एकदा वाचा, बायबलमध्ये लूक १५. तो रस्त्याने वाक्य पाठ करत येतो, की मला तुझ्या एका चाकरासारखं ठेव. पण घरी पोचल्यावर ते शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही, त्याआधीच बापाने चांगला झगा आणायला सांगितलेला असतो! तर चार महिन्यांनी बसताय ना, आजपासूनच सुरू करा. मागचं भरून काढायचं नाहीये.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि यावर मला जरा जास्त बोलायचंय. प्रार्थना सभेत पाळक साहेब किंवा एखादे वडीलधारे उभे राहून "हे सर्वसमर्थ, सर्वज्ञ, परमपवित्र पित्या" अशी सुरुवात करतात, ती मंडळीसाठीची भाषा आहे आणि तिथे ती छानच वाटते. पण आपण तीच घरी आणतो आणि मग दोन वाक्यांत शब्द संपतात. माझी आज्जी नगर जिल्ह्यातल्या खेड्यातली, शाळा नाही शिकलेली. चुलीपुढे भाकरी थापताना तिची प्रार्थना चालायची, परातीवर पीठ थापल्याचा आवाज आणि त्यातच, "बापा, धाकट्याला ताप हाय, जरा बघ. शेजारणीशी भांडले काल, माझंच चुकलं." भाकरी तव्यावर टाकायची, पाण्याचा हात फिरवायची, आणि पुढचं वाक्य. आमेन कधी म्हणायची तेही कळायचं नाही. लहानपणी मला वाटायचं आज्जी स्वतःशीच बोलते! मराठीत देवाशी आपल्या बोलीत बोलणं काही नवीन नाही, गोव्यात इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्येच ख्रिस्ताची कथा ओव्यांमध्ये मांडली, आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं-अभंग आपण आजही गातो. मग घरात एकट्याने बोलताना पुस्तकी भाषेचा हट्ट कशाला? घरी अहिराणी बोलता तर अहिराणीत, वसईकडची मंडळी कादोडीत, बिनधास्त.

वेळेचं पण तेच. कोणीतरी चर्चमध्ये साक्ष देतं, म्हणजे आपला अनुभव सांगतं, की मी पहाटे ४ ला उठून प्रार्थना करतो आणि आपण लगेच अलार्म लावतो, तीन दिवस उठतो, चौथ्या दिवशी झोप लागते की संपलं. प्रभू येशू पहाटे उठून एकांतात गेला हे खरंच आहे, पण त्याचा शिष्य पेत्र दुपारी बाराच्या सुमारास प्रार्थनेला घराच्या गच्चीवर गेला होता आणि दानीएल संदेष्टा दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा. राजाच्या दरबारात चाकरी करणाऱ्या नहेम्याचं तर बघा, राजाने विचारलं तुला काय पाहिजे, आणि उत्तर देण्याआधी त्याने तिथल्या तिथे स्वर्गीय देवाची प्रार्थना केली, म्हणजे किती सेकंद मिळाले असतील त्याला? ज्यांना लोकल पकडायची असते, घरात तान्हं बाळ आहे किंवा आजारी सासूबाई आहेत, त्यांनी नहेम्यासारखी प्रार्थना करावी आणि ती कमी आहे असं अजिबात समजू नये. आणि खरंच जीव थकलेला असेल तर आधी झोपा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला दोनदा उठवून खायला दिलं, उपदेश नाही केला.

बरेच जण म्हणतात, रोज तेच तेच मागतो, देवालाही कंटाळा येत असेल. नाही येत हो. मत्तय ६ मध्ये प्रभूने मना केलंय ते पुष्कळ बोललं की ऐकलं जातं या समजुतीने केलेल्या बडबडीला. धरला जायच्या रात्री गेथशेमाने बागेत तो स्वतः तिसऱ्यांदा प्रार्थनेला गेला तेव्हा तेच शब्द बोलून त्याने प्रार्थना केली, असं मत्तय २६ मध्ये स्पष्ट लिहिलंय. मुलाच्या नोकरीसाठी तुम्ही सहा महिने एकच वाक्य बोलत असाल तर बोलत राहा.

आणि उत्तर मिळत नाही म्हणून राग आला असेल तर तोही तिथेच बोला, गिळू नका, कारण गिळलेल्या रागानेच प्रार्थना बंद पडते, हे मी आईच्या आजारपणात बघितलंय. वरवर "प्रभूची इच्छा" म्हणत होते आणि आत धुमसत होते, शेवटी एका रात्री बायबलमधलं स्तोत्र १३ उघडलं, पहिल्या दोन ओळींतच चार वेळा "कोठवर?" आहे, ते मोठ्याने वाचलं आणि मग ढसाढसा रडले. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. तरीही ते शास्त्रात आहे, म्हणजे असं बोलायला परवानगी आहे.

व्हॉट्सॲपचं थोडक्यात सांगते. ग्रुपवर कोणाचं ऑपरेशन आहे असा मेसेज आला की आपण हात जोडून आमेन टाकतो आणि पुढे जातो. टाकायच्या आधी दहा सेकंद थांबून त्या माणसाचं नाव घेऊन एक वाक्य बोला, मग टाका. आणि स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत. बायबल मोबाईलवर वाचत असाल तर छापील काढा, नोटिफिकेशन आलं की गेलंच सगळं लक्ष.

त्या ताईला मी शेवटी एवढंच सांगितलं होतं, की शब्द सुचत नाहीत तर येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना घे, पण एका दमात नको म्हणूस. रोज एकच ओळ, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. परवा तिचा फोन आला, ती आठ दिवस "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" याच ओळीवर थांबलीय, कारण नवऱ्याचं काँट्रॅक्ट या महिन्यात संपतंय. म्हणाली, पुढची ओळ घेऊ का? मी म्हटलं, घाई नाहीये गं.